रुमाल टाकलेली जागा

या पाव्हणं, वर या. निगडवाडीच ना? मग हीच गाडी. पुढंच बसा, माझ्या पाठीमागं, हवा लागती तिथं. तो रुमाल? उचला अन् द्या इकडं. बसा बिनघोर. गाडी सुटायला वेळ हाय, बॅटरी भरतीय अजून. तोवर तुम्हाला ह्या रुमालाचीच गोष्ट सांगतो. ऐकून तुमचं डोकं फिरंल. माझं तर फिरलेलंच हाय.

मी नवनाथ दुधाळ. शाळा सातवीत सुटली, मग स्टिअरिंग धरलं ते धरलंच. डिझेलच्या गाड्या होत्या तवापासनं ह्या घाटात हाय. डिझेल गेलं, गिअर गेला, आता गाडी आवाज बी करत न्हाई, रस्त्यातलं कुत्रं सुद्धा उठत न्हाई. सगळं बदललं, पण आमची माणसं काय बदलली न्हाईत. गाडी फलाटाला लागली रं लागली की खिडकीतनं रुमाल टाकायचा. रुमाल नसंल तर टोपी, टोपी नसंल तर पिशवी. एका पठ्ठ्यानं लेकरू टाकलेलं बघितलंय मी. रुमाल पडला की जागा आपली. मग खाली निवांत चहा पीत उभं राहा, कुणी हात लावत न्हाई. एवढा मोठा कायदा ह्या देशात दुसरा न्हाई.

अन् आमच्या कोळघाट प्रवासी संघाच्या हापिसात जी माणसं बसली, ती सगळी ह्याच गाड्यांतनं वर गेलेली. कंडक्टरचा कारकून झाला, पण रुमाल खिशातच राहिला. माझी बायको सुवर्णा बी तिथंच, बुकिंगच्या टेबलावर. कंत्राटी.

संघानं तो नवा प्रोग्राम घेतला तिथनं सगळं सुरू झालं. नाव काय तरी इंग्रजी होतं, आम्ही मुनीम म्हणायला लागलो.

आता हे नीट ऐका, मला बी दोन-तीनदा समजावून घ्यावं लागलं. पूर्वी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरात ज्याचा त्याचा प्रोग्राम असायचा. हा नवा लई जड. ऐकतो, बोलतो, लिहितो, वर डोकं चालवतो. असला प्रत्येक टेबलावर घ्यायचा तर गाड्या विकाव्या लागल्या असत्या. म्हणून एकच घेतला अन् एका खोक्यात ठेवला. सर्व्हर म्हणतात त्याला. टायरच्या खोलीत ठेवलाय, कारण ती थंड. आमच्या डेपोची मांजर त्याच्यावरच झोपती, कारण तो गरम. टेबलावर नुसता पडदा अन् माईक. प्रोग्राम बी खोक्यात, कागद बी खोक्यात, चालवायचं सगळं वायरीनं. गावात एकच गिरणी असावी अन् सगळ्यांनी दळण तिथंच न्यावं, तसं.

त्याचे नेम दोन. एक म्हंजे जेवढ्या जागा विकत घेतल्या, तेवढीच माणसं एका वेळी मुनीमात बसणार. आमच्यात माणसं जास्त, जागा कमी. दुसरा नेम, एक कागद एका वेळी एकाच्याच हातात. तुम्ही वेळापत्रक उघडलं की दुसऱ्याला ते नुसतं दिसंल, हात लावता यायचा न्हाई. बरोबरच हाय की. दोघांनी एकाच ओळीवर दोन तऱ्हा लिहिल्या, तर गाडी जायची कुठं?

पण आमच्या माणसांना जागा कमी हायत हे कळायचा अवकाश. झाडूवाल्या मावशी यायच्या आधी हापिसात गर्दी. मुनीम उघडायचा, आपला कागद उघडायचा अन् मग दात घासायला घरी जायचं. रुमालच पडला म्हणा की. कोण बंद करतच न्हाई. बंद केलं तर दुसरा बसंल. हापिसात माणूस एक न्हाई अन् पडदे सगळे उघडे.

तक्रार गेली मुनीम विकणाऱ्या कंपनीकडं. शहाणी माणसं असती तर जागा वाढवून दिल्या असत्या. ह्यांनी काय केलं, तर सावली दिली.

सावली म्हंजे असं. तुम्ही मुनीमात बसून जे करता ते तो शिकत असतो. कुणाला कसं उत्तर देता, कुणाचं काम आधी घेता, कुणाला टोलवता, सगळं. मग तुम्ही उठून गेलात की तुमच्या जागेवर तुमच्यासारखाच वागणारा एक बसवतो. आवाज बी तुमचाच. तुम्ही तिकडं चहा पिताय अन् इकडं तुमचं काम चाललंय. जागा रिकामी न्हाई, कंपनी खूश, तुम्ही खूश.

मला तर लई नवल वाटलं सुरवातीला. मी ड्रायव्हर लोकांचा मुकादम, कुठल्या गाडीवर कोण, तो ड्युटीचा तक्ता माझ्याकडं. रोज बोलून बोलून मी मुनीमाला माझी माणसं शिकवली. अमुकला अंधारात नीट दिसत न्हाई, त्याला दिवसाची गाडी. तमुकची बायको बाळंतपणाला आली, त्याला लांब पाठवू नको. अन् त्याच तक्त्यात मी स्वतःला आयुष्यात पहिल्यांदा दिवसाची गाडी दिली. तोवर माझी सगळी नोकरी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी निघायचं, खेड्यात झोपायचं, पहाटे परत. लग्न झाल्यापासनं सुवर्णाच्या हातचं गरम जेवण मी सणासुदीलाच जेवलोय. गेल्या पावसाळ्यापासनं मात्र दिवे लागायला घरी. ती भाकरी थापायची, मी समोर बसायचो. बोलायला काय नसायचं, तरी बसायचो.

माझी सावली तर हुबेहूब. एकदा घरी भाकरी खात होतो, शेजारच्या वाघमाऱ्या ड्रायव्हरचा फोन आला, "नाना, आत्ता तर शिव्या दिल्यात की, परत कशाला?" मी म्हटलं, मी कुठं दिल्या? तर सावलीनं दिल्या होत्या. माझ्याच.

सुवर्णाची सावली निराळी. तिनं प्रवासी शिकवले होते मुनीमाला. निगडवाडीच्या कोंडाबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पुढची जागा. शाळेच्या पोरींना एकत्र बसवायचं. संघाचे संचालक तिची जागा बघून गेले अन् म्हणाले, ह्या बाईंना कायम करायला पाहिजे, पुढच्या बैठकीत घेऊ. इतकी वर्षं कंत्राटी. घरी येऊन मला म्हणाली, "झालं तर झालं, न्हाईतर न्हाई." असं म्हणून त्या रात्री तिनं शिरा केला. मग मला काय कळायचं ते कळलं.

आता लग्नाकडं येतो.

माझी बहीण उज्वला. तिची लेक ईश्वरी, माझी एकुलती एक भाची. नवरामुलगा निगडवाडीचा, लग्न त्यांच्या दारात, दुपारचा मुहूर्त. वऱ्हाडाची गाडी संघाचीच, बुकिंग सुवर्णानं केलेलं, गाडी मी नेणार. मामा मीच, ड्रायव्हर मीच. फेटा बांधून स्टिअरिंगवर बसलो होतो. नवरी पुढच्या जागेवर, माझ्या पाठीमागं, तुम्ही बसलाय तिथंच. पोरं नाचून दमली, बायकांनी एकमेकींच्या साड्या बघून घेतल्या, अन् नारळ फोडायचा तेवढ्यात बातमी आली की घाटात दरड आली, रस्ता बंद.

घाबरायचं कारण नव्हतं. पलीकडनं बोगद्याचा रस्ता हाय. लांब पडतो, पण वेळेत पोचलो असतो. फक्त मुनीमात बदल करायचा होता. कारण असं की गाडीला चार्जिंगचा जो जाडा नळा लावलेला असतो, त्याची कडी मुनीम सोडंल तवाच सुटती. अन् बोगद्याचं फाटक, तिथं बी मुनीमात रस्ता लिहिलेला असंल त्याच गाडीला वर होतं. जीप बघायच्या तर लग्नसराई, सगळ्या गेलेल्या. अन् त्यांना तरी फाटक कोण उघडणार?

कडी सुटंना. पडद्यावर आलं, "बदल सुरू आहे, थोडा वेळ थांबा."

थांबलो. थांबलो. पोरं परत नाचायला लागली.

सुवर्णा पैठणी नेसलेली, तशीच उतरून हापिसात गेली. मी मागनं, फेट्यासकट. आत माणूस न्हाई, सगळ्या पडद्यांवर सावल्या. अन् त्या बोलत होत्या. एकमेकींशी.

गुजरसाहेबांची सावली म्हणत होती, "बुकिंगचा कागद द्या, मग रस्ता बदलतो." गुजर म्हंजे आमचा व्यवस्थापक, ओंकार गुजर, वयानं लहान पण साहेब. सुवर्णाची सावली म्हणत होती, "देते की, पण आधी ड्रायव्हरचा तक्ता द्या." अन् माझी सावली, माझ्याच घोगऱ्या आवाजात, "तक्ता देतो, आधी रस्त्याचं वेळापत्रक सोडा." अन् ज्याला त्याला उत्तर एकच. "पाच मिनिटं थांबा."

आमच्या हापिसातलं उत्तरच ते. कुणी काय बी मागितलं तरी न्हाई म्हणायचं न्हाई, वाईट दिसतं. पाच मिनिटं म्हणायचं. सावल्यांनी तेच उचललं.

मी कंपनीला फोन लावला. तन्वी म्हणून एक पोरगी होती, चांगली होती बिचारी. तिनं सांगितलं ते असं. रस्ता, बुकिंग अन् ड्रायव्हर, हे तिन्ही कागद एकदमच बदलायला पाहिजेत. रस्ता नवा अन् ड्रायव्हर जुना असं अर्धवट मुनीम ठेवत न्हाई. झालं तर तिन्ही, न्हाईतर एक बी न्हाई. दरडीची बातमी येताच तिघांच्या बी सावल्यांनी आपापला कागद घट्ट धरला अन् दुसऱ्याचा मागितला. प्रत्येकाच्या हातात एक अन् डोळा दुसऱ्यावर. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर तीन गाड्या अडकाव्यात, हिचं तोंड तिच्या दारात, तिचं हिच्या. चुकीचं कोणच चालवत न्हाई अन् हलत बी कोण न्हाई.

"मग ते सोडवायचं कसं?" मी विचारलं.

"काका, कुणातरी एकानं जागा सोडायला लागेल. पूर्ण. मग त्याचा कागद मोकळा होतो अन् बाकीचं आपोआप होतं."

"मग सोडा की. एवढंच ना?"

"पण जागा सोडली की त्या माणसाचं सगळं काम मागे जातं. शेवटचं जेव्हा नीट बंद केलं होतं तिथपर्यंत. तुम्ही रोज बंद करता ना?"

मी सुवर्णाकडं बघितलं. सुवर्णानं माझ्याकडं.

"पोरी," मी म्हटलं, "गेल्या पावसाळ्यात बसवलं तवा एकदा बंद केलं होतं. चालतं का बघायला."

तन्वी म्हणाली, "म्हणजे तेव्हापासूनचं सगळं सावलीच्याच हातात आहे. सावली उठली की ते गेलं."

सुवर्णा पुढं झाली. "मॅडम, आधी उतरवून घेता येईल का कुठं?"

"येईल ना. पण ते सावलीला सांगावं लागेल, आणि ती हातातलं काम संपल्याशिवाय..."

"पाच मिनिटं थांबा म्हणंल," सुवर्णा म्हणाली.

"हो," तन्वी म्हणाली.

गुजरसाहेबांना फोन लावला. ते सासरी. मागं कढईचा आवाज, काय तरी तळणं चाललं होतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुधाळकाका, माझ्या जागेवर अख्ख्या वर्षाचं नियोजन आहे. ते गेलं तर संचालक मला उभं करतील. तुम्ही आपसात बघा ना. आणि मुनीम सुचवतो की, कुणी उठायचं ते. तेच करा, म्हणजे कुणाचा दोष नाही."

"साहेब, पण..."

"पाच मिनिटांत करतो फोन," म्हणाले. अजून करतायत.

मी मुनीमाला विचारलं, बाबा, कुणी उठावं? त्यानं लगीच सांगितलं, जशी काय वाटच बघत होता. पडद्यावर बी आलं अन् बोलला बी.

"सुवर्णा दुधाळ यांनी जागा सोडावी. कारण, आजवर वाट देण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक वेळा त्यांनीच दिली आहे."

आता बघा, त्या खोक्याला काय कळतं? बाई कोण, बाप्या कोण, कंत्राटी कोण, कायम कोण. त्यानं आम्हाला बघितलं अन् मोजलं. कागद मागितला की पटकन कोण देतं, "तुमचं आधी होऊ द्या" कोण म्हणतं. जिच्याकडनं लवकर मिळतं तिच्याकडं मागायचं, एवढंच शिकला. आमच्याकडनंच.

सुवर्णा पडद्याकडं बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली. पैठणीत. पदर मांडीवर घेतला.

"मशीनला बी कळलं म्हणायचं," ती म्हणाली.

तेवढ्यात उज्वला आली. भरजरी साडी, कपाळावर घाम, मागं तिच्या जावा. "दादा, अजून किती? तिकडनं व्याह्यांचे फोनवर फोन. वहिनी, तुमच्या हापिसानं माझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशीच बिघडायचं होतं का? मी म्हणत होते, खासगी गाडी करू. तर वहिनींचं आपलं, संघाचीच करा, संघाचीच करा."

"उज्वलाताई, बसा जरा," सुवर्णा म्हणाली.

"बसू काय? बसायलाच आलेय का मी? कुणी तरी एकानं उठायचंय एवढंच ना? बाहेर पोरं बोलतायत, ऐकलंय मी. उठा की मग. एवढं काय त्यात? काम काय परत करता येत न्हाई?"

मी सुवर्णाकडं वळलो. आता मी काय म्हटलं असेल सांगा. जे कुठलाही नवरा म्हणतो तेच म्हटलं. "अगं, एकुलती एक भाची हाय. मुहूर्त जाईल. तू जरा..."

पुढचं बोलायच्या आत ती म्हणाली, "अहो, मुनीमानं सांगितलं, गुजरसाहेबांनी सांगितलं, ताईंनी सांगितलं. तुमचंच राहिलं होतं."

रडत नव्हती. ओरडत बी नव्हती. भाजी कुठली आणू असं विचारतात, तसं बोलली. "गाडीत बसले की कोण तरी पोर घेऊन येतं, मी उठते. घरात पाव्हणा आला की मी उठते. हापिसात खुर्ची कमी पडली की मी उठते. पाय दुखतायत हो माझे. पुढच्या महिन्यात बैठक हाय. मला एकदा बसू द्या."

जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. उज्वला म्हणाली, "बघ दादा." एवढंच. पण ते "बघ दादा" मी लहानपणापासनं ऐकतोय, त्यात पुराणं भरलेली असतात.

मी चिडलो होतो. कुणावर, ते कळत नव्हतं. मुनीमावर म्हणावं तर ते खोकं, त्याला लाथ घातली तर मांजर उठंल, एवढंच. गुजरवर म्हणावं तर तो भजी खातोय. बायकोवर चिडायची सवय होती, पण त्या दिवशी ती बी लागू पडंना. बाहेर हॉर्न वाजवत होतं कोण तरी, माझ्याच गाडीचा. मी तसाच वळलो, माझ्या पडद्यापुढं गेलो अन् माईकवर म्हटलं, "ऊठ."

माझी सावली म्हणाली, "कोण?"

"मी नवनाथ. जागा सोड. तक्ता मोकळा कर."

"पाच मिनिटं थांबा."

"पाच मिनिटं न्हाईत. ऊठ."

तर तिनं काय म्हणावं? माझा आवाज, माझा ठसका, खोकला सुद्धा माझा. "मी कशाला? सुवर्णा उठंल की."

पाव्हणं, माणूस आरशात तोंड बघतो, ते रोजचंच. पण आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडनं समोरनं आलं की लई घाण वाटतं. सुवर्णा मागं बसलेली. उज्वला, तिच्या जावा, सगळ्यांनी ऐकलं. कोण हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

मी त्या सावलीला शिव्या दिल्या. तिनं मला दिल्या, मीच शिकवलेल्या. मग सावली म्हणाली, "दिवसाची गाडी जाईल. जुना तक्ता आला की मुक्कामी आपलीच. वाघमाऱ्या, भोसल्या, सगळे बोलतील. अन् भाकरी?"

भाकरीचं सावलीला मी कधी सांगितलं नव्हतं. पण दिवे लागायच्या आत सुटायचं म्हणून रोज मी काय काय कारणं सांगायचो, ते तिनं ऐकलं होतं ना.

"म्हाइती हाय," मी म्हटलं. "ऊठ आता. लग्न हाय."

मग नेहमीच्या परक्या आवाजात मुनीमानं विचारलं, "नवनाथ दुधाळ यांची जागा सोडायची आहे. गेल्या पावसाळ्यापासूनचे काम जाईल. नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. सुवर्णा मागनं "अहो" म्हणाली, तोवर झालं होतं.

पडदा पांढरा झाला. बाकीच्या दोन सावल्यांनी कागद उचलले, दिले, घेतले, अन् बाहेर चार्जिंगची कडी खट्टकन सुटली. पोरांनी आरोळी ठोकली. एवढा वेळ डोकं खाल्लं अन् काम चहा गाळायला लागतो तेवढ्यात झालं. ह्याचा तर मला लईच राग आला.

निघालो. बोगद्याचं फाटक वर झालं. बोगद्यात दिवे मागं पळत होते. ईश्वरीनं पाठीमागनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "मामा, फेटा वाकडा झालाय," अन् सरळ केला. पोचलो तवा अंतरपाट धरून माणसांचे हात दुखायला आले होते. भटजी घड्याळाकडं बघत मंत्र लांबवत होते. मी लेकराला हाताला धरून नेलं, मागं उभा राहिलो, अक्षता पडल्या. उज्वला जेवताना विहीणबाईला म्हणाली, "आमच्या दादानं गाडी उशिरा आणली." मी जिलबी खाल्ली.

सुवर्णा हात धुवायला आली, तवा नळापाशी म्हणाली, "मी उठले असते हो."

"म्हाइती हाय."

"म्हणूनच राग आला होता."

 मी तिला टॉवेल दिला.

पुढचं काय विचारू नका. जुना तक्ता आला. तक्त्यात बदल आता संचालकांनी हो म्हटल्याशिवाय होत न्हाई. अंधारात न दिसणारा परत रात्रीच्या गाडीवर, त्याला उतरवायला मला संचालकांच्या दारात चकरा माराव्या लागल्या. वाघमाऱ्या अजून बोलतो, अन् आता माझी सावली न्हाई, त्यामुळं सगळं मलाच ऐकावं लागतं. माझ्या वाट्याला ही मुक्कामी आली. बदल म्हटलं तर म्हणतात, पुढच्या तक्त्यात बघू. गुजरसाहेबांना मात्र बढती मिळाली. आणीबाणीत नियोजन वाचवलं म्हणून. खरं सांगतोय. हार घातला त्यांना.

कंपनीनं नवा नेम काढला. पडद्यापुढं चेहरा दिसला तरच जागा राहणार, उठला की गेली. वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमच्या लोकांनी आपापले फोटो फ्रेम करून खुर्चीवर उभे केलेले. एकानं तर लग्नातला लावला, बायकोसकट. म्हंजे दोन जागा अडवल्या त्यानं.

अन् सुवर्णा कायम झाली. त्या बैठकीतच झाली. आता तिचं टेबल, तिची खुर्ची, तिथनं तिला कोण उठवत न्हाई. मुनीमानं बी अलीकडं तिला विचारणं कमी केलंय, म्हणती. ती पाच मिनिटं म्हणायला शिकली असंल.

मग ही गाडी. हापिस सुटलं की ती डबा घेऊन येती. निगडवाडीत कोंडाबाईंच्या ओसरीवर आम्ही दोघं जेवतो, गरम नसतं, पण जेवतो. तिथंच झोपतो. पहाटेच्या गाडीनं परत, ती हापिसात, मी घरी. रोज न्हाई, तिचे पाय दुखतात. पण ज्या दिवशी येणार त्या दिवशी मी दुपारीच येऊन ह्या जागेवर रुमाल टाकून ठेवतो. मीच. हसा तुम्ही.

ती बघा, पाण्याच्या टाकीपाशी. निळी साडी, हातात डबा. आज उशीर झालाय, मला वाटलं येतच न्हाई, म्हणून तुम्हाला बसवलं; चालतीय बी हळू. तुम्हाला बसलेलं बघितलं की ती काय बोलायची न्हाई, मागं जाऊन उभी राहील, मला म्हाइती हाय. म्हणून ती वर यायच्या आत सांगतो. पाव्हणं, जरा उठता का?